उन्हात ठेवलेली गिटार

प्रिय स्वप्ना,

विसरायची पण काही रीत असते गं माय. कोणी रुमाल विसरतं, कोणी चार्जर विसरतं. तू मेंढराएवढी गिटार विसरून पुण्याला गेलीस! कोकरू मागं राहिलं तर निदान बें बें करून आठवण देतं. हे तुझं काळं, दोन शिंगांचं जनावर दिवाळीपासून माझ्या बाजेशेजारी मुकाट उभं हाय. मी त्याला एडका म्हणते. पत्र तुझी आई लिहितेय. माझं बोलणं ती नीटनेटकं करतच असेल, मला कुठं वाचता येतंय! मधेच मान वर करून काहीतरी विचारते. मी हातानंच सांगते, तू लिही.

परवा धर्मापुरीचा एक जण येऊन गिटार उलटीपालटी करून बघत होता. शेजारच्या छबुबाईनं बोटांनी नोटा मोजल्यासारखं करून दाखवलं, तेव्हा उमगलं. तू विकायला काढलीस. मी बाजेवरून उठले, एडका त्याच्या हातातून घेतला आणि घोंगडीत गुंडाळून ठेवला. तो हसत गेला. जाऊ दे. त्याला काय ठाऊक, आमच्यात कळपाचा म्होरक्या विकत न्हाईत.

घेतलीस तेव्हाचं आठवतं का? तेव्हा मी फोन घ्यायची. दवाखान्यातल्या नोकरीच्या तुझ्या पहिल्या कमाईतून. बिचकत बिचकत सांगितलंस, आजी, नवशिक्यांसाठीची हाय, स्वस्तातली, पण मेटल, म्हणजे ते दणदणाटी गाणं, वाजवायला पुरते. तुझा बाप मागून ओरडला, स्वस्तातलं म्हणजे पाण्यात गेलं. नाथाचं हे नेहमीचंच. तुझ्या आजोबांनी बाजारातून एक काळं, मरतुकडं कोकरू असंच स्वस्तात आणलतं. सगळी वस्ती हसली. पुढं त्याच्याच मागं सगळा कळप धारूरचा घाट चढायचा, आणि त्याच्या पाठीवर नाथा बसायचा. विचार त्याला.

दिवाळीत तू आवाज मोठा करायच्या त्या डब्याला वायर जोडलीस आणि जाड तार छेडलीस. मांडणीवरची ताटं थरथरली, बाज हलली. चरकात दगड गेल्यासारखं तोंड करून नाथा कानावर हात ठेवून अंगणात पळाला. तू हसत माझ्याकडं वळलीस, तर माझ्या डोळ्यांत पाणी. तुझा चेहरा असा पडला! वायर उपटलीस, पुन्हा हात लावला न्हाईस. त्यात मी फोनवर येईना. मग तू मनाशी ठरवूनच टाकलं असशील, की म्हातारी रुसली, आता गिटारच नको. पोरी, रुसायचं असतं तर मी आधी पुरणपोळी खाल्ली असती आणि मग रुसले असते.

आता एक ऐक, तोंड वाकडं करू नको. तुझे आजोबा जत्रेत ढोल वाजवायच्या आधी तो उन्हात ठेवायचे. कातडं तापलं की आवाज खुलतो. तुझा एडका डब्याशिवाय मुका, म्हणून मी त्यालाही घोंगडी अंथरून उन्हात बसवला. तारा गंजू नयेत म्हणून लोकर कातरायच्या कातरीला लावतो तसं करडईचं तेल चोळलं. तारा तापून सैल पडल्या. तूच म्हणाली होतीस ना, तार सैल तितका आवाज जड? मग मी त्याच्या लाकडावर हनुवटी टेकली आणि जाड तार ओढली.

दिवस कलत होता. मेंढरं परतत होती, सपनात चालल्यासारखी, पायाचा आवाज न करता. गळ्यातल्या घंटा नुसत्या हलत होत्या. कुत्रं तोंड उघडत होतं, मिटत होतं. सोन्यासारखी धूळ, आणि तिच्यातून पांढरे ढग खाली उतरून मेंढरांच्या वाड्यात शिरतायत असं वाटावं. तेवढ्यात हनुवटीतून दातांत, दातांतून छातीत ढोल उतरला. धुळीतून तुझे आजोबा येताना दिसले, फेट्याचा शेमला उडतोय, घामानं भिजलेत, माझ्याकडं बघून डोळा मारतायत. म्हाताऱ्याला मरूनही लाज न्हाई! तार थांबली की ते गेले. मी पुन्हा ओढली.

आता खरं सांगते. लिहिताना तुझ्या आईचा हात थांबला तर थांबू दे. मला ऐकू येत न्हाई, स्वप्ना. थोडं थोडं करत पावसाळ्यात सगळं गेलं. घरात कळू नये म्हणून कोणी काही विचारायच्या आत मी टोमणा मारते. टोमण्याला उत्तर लागत न्हाई. फोनवर तर तोंडही दिसत न्हाई, तिथं काय मारू? दिवाळीत लई दिवसांनी मला काही ऐकू आलं, ती तुझी तार. कानानं न्हाई, बरगड्यांनी. म्हणून रडले. गिटार विकू नको. संक्रांतीला ये, डबा जोड, नाथाला रानात पाठवू, आणि मी बाजेला पाठ टेकून बसते. तोवर कोणाच्या तरी हाती बाकरवडी पाठव. लई कडक बघून घे, मऊ काही नको. चावताना तिचा आवाज मला अजून येतो.

तुझीच,
सारजा आजी