डाव्या हाताचं बोट

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. वहिनींचा खोकला गेला का? आई सांगत होती, तू आता मोठ्या इमारतींच्या लिफ्ट बघतोस, हाताखाली चार माणसं आहेत. ऐकून बरं वाटलं.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोन मी मंगळवारी केला होता. आपण अकरा मिनिटं बोललो, त्यातली नऊ लिफ्टच्या दोरांवर. तू कंटाळला होतास. मीच एकेक प्रश्न काढत होतो.

आमच्या कंपनीचा बेसबॉलचा नवा व्हिडिओ गेम आला. तुझ्या लेकीला पाठवला तोच. आधीच्या गेममध्ये सगळे पिचर चेंडू तीनच तऱ्हांनी फेकायचे. चेहरे वेगळे, अंग एकच. आता प्रत्येकाचं अंग वेगळं आहे. फिरणाऱ्या चेंडूची शिवण दिसते. लांब बसलेल्या प्रेक्षकाला बॅटचा आवाज किंचित उशिरा पोचतो. पूर्वी झेलाच्या मागे धावणारा खेळाडू सरळ भिंतीतून पलीकडे जायचा, आता आपटतो. त्या भिंतीच्या कामावर आमच्यातला एक जण आठ महिने बसला होता. त्याला आम्ही गवंडी म्हणतो. अंपायरही आता माणसासारखा चुकतो. त्याला बेताने चुकायला शिकवण्यात सगळ्यांत जास्त वेळ गेला.

लोकांना आवडली ती मात्र वेगळीच गोष्ट. तिचं नाव आम्ही ‘खोड’ ठेवलंय. प्रत्येक पिचरला एक खोड आहे. फेकण्याआधी तो नकळत काहीतरी करतो, आणि नीट बघणाऱ्या बॅटरला पुढचा चेंडू आधीच कळतो. आमच्या टीमच्या मॅडमनी मीटिंगमध्ये विचारलं होतं, “हे पिचर यंत्रं वाटतात. माणसाचं अंग चुगली करतं. कोणाला एखादी खोड माहीत आहे का?”

मी म्हणालो, “ग्लव्हबाहेरचं बोट.”

“कोणाचं पाहिलंस?”

“होता एक आमच्या गल्लीत.”

असं म्हणालो मी, दादा.

मग मला एक काळा घट्ट पोशाख चढवला. अंगभर छोट्या गोळ्या चिकटवतात, भोवतीचे कॅमेरे त्या टिपतात आणि गेममधला खेळाडू तशीच हालचाल करतो. गवंडी म्हणाला, “पिचर मागवला होता, पोतं आलंय.” सगळे हसले, मीही हसलो. मग मी फेकलं आणि हसणं थांबलं. पडद्यावर तू होतास. डावा खांदा आधी खाली, मग गुडघा, मग तो थांबलेला श्वास. माझ्या अंगाला सगळं पाठ होतं. चार वर्षं तुझा कॅचर म्हणून मी तुझ्यासमोर उकिडवा बसून तेच तर बघत होतो.

गेममध्ये तू सत्तावीस नंबर आहेस. चेहरा दुसऱ्याचा आहे.

सोमवारी तुझ्या लेकीचा फोन आला. “काका, सत्तावीस नंबर अगदी बाबांसारखा फेकतो! आणि ना, त्याचं बोट वर गेलं की चेंडू वळतो. मी दर वेळी ठोकते. रविवारी बाबांना बसवणार आहे खेळायला.”

म्हणून हे पत्र. रविवारच्या आत तुझ्या हातात पडावं.

तुझा वळणारा चेंडू कोणाच्या बॅटला लागत नसे. तो टाकायचा असला की ग्लव्हच्या आत तुझी उजवी मूठ खोल जायची, आणि डाव्या हाताचं जे बोट ग्लव्हच्या पाठीवर बाहेर असतं ते उचललं जायचं. अर्धा इंच. कोणता चेंडू टाकायचा याची खूण करणारा मीच, म्हणून मला पहिल्या महिन्यातच दिसलं. पिचरला हे सांगणं कॅचरचं काम असतं. मी सांगितलं नाही. तुझं काहीतरी मला एकट्याला ठाऊक आहे, याचं मला सुख होतं.

निवडीच्या सामन्याआधी दोन दिवस कोचनी मला काढून दुसरा कॅचर घेतला. तू शेजारी उभा होतास. म्हणालास, “बरोबर आहे. तो अजून कच्चा आहे.” तू खोटं बोलला नव्हतास. मी कच्चाच होतो.

दुसऱ्या दिवशी समोरच्या संघाचा कप्तान मैदानामागच्या नळावर पाणी पीत होता. मी त्याला म्हणालो, “बोट उचललं की वळणार.” एवढंच. त्याने विचारलंही नव्हतं. तोंड पुसत तो म्हणाला, “भाऊ ना तुझा?” मी मान हलवली.

पुढचं तुला माहीत आहे. तुझा प्रत्येक वळणारा चेंडू त्यांनी ठोकला, आणि तिसऱ्या डावात कोचनी तुला बाहेर बोलावलं. मी बाकावर होतो. तू येऊन माझ्या शेजारी बसलास आणि म्हणालास, “हातच चालत नाहीये रे.”

बावीस वर्षं तू हेच म्हणतोस. डॉक्टरला खांद्यात काही सापडलं नाही, तरी आई महिनाभर शेकत होती. पिशवीत गरम पाणी मी भरून द्यायचो. एकदा जास्त गरम झालं, तर तू म्हणालास, “असू दे, त्याने बरं वाटेल.” तेव्हा सांगता आलं असतं. त्यानंतरही रोज सांगता आलं असतं. तू ग्लव्ह देऊन टाकलास, लिफ्टचं काम शिकायला गेलास, आणि मी तुझी बॅग स्टँडपर्यंत उचलली.

तुझा हात चालत होता, दादा. अगदी शेवटच्या चेंडूपर्यंत.

आणि त्याच बोटावर मी यंदा शाबासकी घेतली. पहिल्यांदा तुला विकलं तेव्हा सोळा वर्षांचा होतो, असं तरी म्हणता येतं. या वेळी अडतीस.

गेममध्ये आणखी एक गोष्ट मी घातली आहे. मला ती कोणी मागितली नव्हती. कॅचर खेळ थांबवून पिचरपाशी चालत जाऊ शकतो आणि त्याची खोड त्याला सांगू शकतो. त्यानंतर बोट वर जात नाही. चालायला नऊ सेकंद लागतात. लोक म्हणतात, खेळ रेंगाळतो. कोणी वापरत नाही. मॅडम पुढच्या अपडेटमध्ये ती काढणार आहेत. याने काही फिटतं असं मला वाटत नाही. चालणारा तो कॅचर मी शंभरदा पाहिला. तो पोचतो, एवढंच.

हे वाचून तू लेकीसोबत खेळायला बसशील की तो डबाच कपाटावर टाकशील, मला माहीत नाही. माझ्याशी बोलणं बंद केलंस तर आईला कारण मी सांगेन, तुला सांगावं लागणार नाही.

तू मैदानात माती सारखी करत उभा आहेस, मी कॅचरचा मुखवटा काढून तुझ्यापाशी चालत आलोय, असं समज.

दादा, वळणारा चेंडू टाकताना तुझं डाव्या हाताचं बोट उचललं जातं. ते आत घे.

तुझा कच्चा कॅचर