मांडीवरचे हात

दुबई, १० जुलै २०२५

ती. बाबा, सा. न. वि. वि.

फोनवर माय जवळ बसून आयकते, म्हणून लिहून राह्यलो. माहं टॅक्सी चालवणं बंद झालं. नोकरी हाय, पण गाडी आता सोताच चालते. मी स्टेरिंगमागं हात मांडीवर ठेवून बसतो. ती चुकली तरच हात लावायचा. माह्यावरूनच ती शिकून राह्यली. पुरी शिकली का माही सीट रिकामी. मानोऱ्याचा सेवादास, माह्या खोलीतला, त्याले काढलंबी. मले लय भेव वाटते. मायले सांगू नका.

माया पातळ होऊ देऊ नका.
हर्षल

अनसिंग, २२ जुलै

चि. हर्षलले पोटभर आशीर्वाद.

पोरगा साहेब झाला, गाडीत नुसता बसते, असं मी तुहं पत्र अर्धंच वाचून अख्ख्या गावाले सांगून बसलो. शेजारचा उकंडराव तं पेढे मागून राह्यला. आता काय सांगू त्याले? एक आयक. गाडीले उलटं शिकव. खड्ड्यात घाल, वाकडी ने. म्हणजे तुह्याबिगर कंपनीचं भागणार नाही. सोयाबीन बरं हाय. मायचे गुडघे दुखतेत.

लिहीत जा, जीव टांगणीले लागते.
बाबा

दुबई, ६ ऑगस्ट

ती. बाबा, सा. न.

तुमचं आयकून वाकडी न्यायले स्टेरिंग धरलं, अन् समोर एक बाई लेकरू घेऊन आडवी आली. पाय आपसूक ब्रेकवर गेला. कंपनीचे साहेब कॅमेऱ्यात पाहून खूश झाले. म्हणाले, गाडीले हेच शिकायचं राह्यलं होतं. महिनाअखेर मले सुट्टी हाय, कायमची. हातातलं काम गेलं, आता कोणत्या तोंडानं घरी येऊ?

राग धरू नका, एवढीच इनंती.
हर्षल

अनसिंग, २१ ऑगस्ट

चि. हर्षल,

मायले सांगतलं. ती रडली, मंग माह्यावरच बिघडली, पोराले असली लबाडी कायले शिकवली म्हणून. तिचं खरं हाय.

उद्या पोळा. ट्रॅक्टर आल्यापासून आपल्या जोडीले काम नाही. उकंडराव दरसाल म्हणते, विकून टाका, उभ्यानं काहून चारता. आज सांजच्याले त्यायचे खांदे हळद-तुपानं शेकले. जुवाचा घट्टा पार मिटला. तरी खांद्यावर हात ठेवला का मान खाली घालतेत.

तुह्या कामाचं पुढं काय, मले काही सुचत नाही. मायनं रीतीपरमानं बैलायले उद्याच्या जेवणाचं आवतन देलं. मंग म्हणे, पोरालेबी लिहा. पत्र पोचेल तवर पोळा होऊन जाईन. तरी तिच्याच शब्दांत लिहितो. आज आवतन घे, उद्या जेवायले ये.

वाट पाहणारा,
तुहा बाबा