एका मिस्ड कॉलसाठी फ्लॅगशिप

१ ऑगस्ट २०२५, शुक्रवार. सकाळी ७.४०
पाणी आलं. ६.५२ ला कडुबाचा मिस्ड कॉल, ६.५३ ला मी गेटबाहेर. अकरा घरांच्या बेला तीन मिनिटं चाळीस सेकंदात वाजवल्या. स्वतःचाच विक्रम मोडला.

पुढं कधी मीच वाचायला घेतलं तर संदर्भ असावा म्हणून लिहून ठेवतो. आमच्याकडं सहाव्या दिवशी पाणी येतं, पाऊण तास. वेळ नक्की नसते. नळाला जोर नाही, मोटार ओढेपर्यंत थेंब दिसत नाही. कोरडी लावली तर मोटार जळते. (हिमांशूची जळाली आहे.) म्हणून वॉल्व फिरवणारा कडुबा प्रत्येक गल्लीत एका माणसाला मिस्ड कॉल देतो. दोन रिंग आणि कट. बोलत नाही. आमच्या गल्लीत तो माणूस मी आहे. सहा वर्षं झाली. मी बेल वाजवल्याशिवाय कोणी बटणाला हात लावत नाही.

कडुबाचा नंबर मी मुद्दाम सेव्ह केलेला नाही. सेव्ह केला की कोणीही बघणार. शेवटचे चार आकडे पाठ आहेत. पद जपायचं असतं.

३ ऑगस्ट, रविवार
हिमांशूनं फ्लॅगशिप, म्हणजे कंपनीचा सगळ्यात महागडा, फोन घेतला. हिमांशू समोरच्या तिसऱ्या घरातला, वाळूजच्या कारखान्यात इंजिनिअर, वय एकोणतीस. संध्याकाळी सगळी गल्ली त्याच्या गच्चीवर. झूम करून त्यानं देवगिरीच्या किल्ल्यावरची माणसं दाखवली. ठिपके होते, सगळ्यांनी माणसं मानली. शेजारचे सांडू अण्णा एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, तिकिटापलीकडं कशाला भुलणारे नाहीत. तेही म्हणाले, लई भारी.

मी गच्चीवर शेवटपर्यंत थांबलो, पण मागे.

माझा फोन पाच वर्षांचा आहे. काचेला एक तडा, तोही कोपऱ्यात. मला काही गरज नाही. प्रश्न फक्त तात्त्विक आहे: फ्लॅगशिप घेणं योग्य आहे का? घाई करायची नाही. पंधरा दिवस नुसता अभ्यास.

७ ऑगस्ट, गुरुवार
पाणी आलं, सकाळी १०.०५. ऑफिसला उशिरा जाण्याची परवानगी प्राचार्यांनी पाण्याच्या दिवसापुरती दिलेली आहे. कॉलेजच्या ऑफिसात अधीक्षक असण्याचा एवढा तरी उपयोग.

मात्र गंभीर बाब. मिस्ड कॉल आला तेव्हा बॅटरी ९ टक्के. दहा मिनिटं उशीर झाला असता तर अकरा घरं कोरडी. यापूर्वी असं कधी झालं नव्हतं. सकाळपासून फ्लॅगशिपचे रिव्ह्यू बघत होतो, त्याचा याच्याशी संबंध नसावा. बॅटरी जुनी झाली आहे.

१० ऑगस्ट, रविवार
एक्सेल शीट केली. घेण्याची कारणं १४. न घेण्याचं कारण १ (सौ. दमयंती).

पुण्याहून मृण्मयीचा फोन. तिला निःपक्षपाती मत विचारलं. ती म्हणाली, बाबा, तुम्ही फोनवर नक्की काय काय करता ते सांगा. सांगितलं: मिस्ड कॉल, पंचांग, टॉर्च, सुप्रभात. ती म्हणाली, जुन्याला नवी बॅटरी टाका, अजून तीन वर्षं जाईल. आयटीत आहे, पण पोर अजून लहान आहे. तिच्या डोक्यावर अकरा घरं नाहीत.

शीटमध्ये न घेण्याची कारणं १ च ठेवली. मृण्मयी दमयंतीतच धरली आहे.

१३ ऑगस्ट, बुधवार
पाणी आलं, संध्याकाळी ५.१५. जुना फोन व्यवस्थित वाजला. किती दिवस वाजेल?

१५ ऑगस्ट, शुक्रवार
गल्लीत झेंडावंदन. नारळ मी फोडला, प्रास्ताविक मी केलं (बावीस मिनिटं). ग्रुप फोटोसाठी दरवर्षीप्रमाणे फोन काढला, तर सांडू अण्णांच्या भागूबाई म्हणाल्या, राहू द्या सर, हिमांशूच्या फोनात काढू, त्याच्यात मानसं गोरी येतात. मी खिशात ठेवला. फोटोत मी एका कडेला आहे, डोळे मिटलेले. एवढ्या महागाच्या फोनला डोळे उघडता आले नाहीत, याची नोंद असावी.

त्यानंतर हिमांशूनं सुचवलं की पाण्यासाठी व्हॉट्सॲप ग्रुप करू, कडुबाचा नंबर द्या, सगळ्यांनाच कळेल. मी म्हणालो, कडुबा असा कोणालाही मिस्ड कॉल देत नसतो, तो विश्वासाचा भाग आहे. विषय तिथंच संपवला. पण आता कळलं, दुसऱ्याच्या पदावर माणूस कुठून शिरतो ते. फोनमधून.

१९ ऑगस्ट, मंगळवार
पाणी आलं, सकाळी ६.३०. धावत निघताना जुना फोन नळाच्या खड्ड्यात पडला. माझ्या हातून, पण स्वतःच्या वजनानं. वाटलं, संपला. काढला, पुसला, चालू आहे. आवाज उलट वाढला. अशा वस्तूंना कधी थांबावं ते कळत नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
दमयंतीशी चर्चा. तिला महालक्ष्म्यांचं टेन्शन. ३१ ला, रविवारी, गौरी येणार, १ तारखेला जेवण. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सवाष्ण, ब्राह्मण, आणि सगळा स्वयंपाक सोवळ्यात, नळाच्या ताज्या पाण्यावर. चार-पाच दिवस साठवलेलं पाणी ती नैवेद्याला घेत नाही. टँकरचं तर नावच नको. आपल्या घरात आईंच्या वेळेपासून असंच. यंदा हिशेबानं पाणी नेमकं ३१ लाच येतंय. ती म्हणाली, देवीच बघतेय बघा.

मी म्हणालो, देवी बघेल, पण मिस्ड कॉल आपल्याच फोनवर येणार, आणि तो फोन खड्ड्यात पडलेला आहे. ती म्हणाली, तुम्हाला घ्यायचाच असेल तर घ्या, महालक्ष्म्यांना मध्ये घेऊ नका.

तिची संमती मिळाली.

२५ ऑगस्ट, सोमवार
पाणी आलं, दुपारी १२.४०. जुन्या फोनचा शेवटचा मिस्ड कॉल. क्षणभर वाईट वाटलं. लगेच सावरलो.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी
घेतला. निराला बाजारातून, मुहूर्तावर. किंमत इथं लिहीत नाही. दमयंती रद्दी काढताना कधीकधी वही चाळते.

दुकानदारानं विचारलं, सर, वापर काय? मी म्हणालो, सार्वजनिक जबाबदारी. त्यानं सगळ्यात वरचं मॉडेल काढलं.

पेढे वाटले. जुना फोन दमयंतीला भेट म्हणून दिला, बॅटरी नवी टाकून. तिचा स्वतःचा फोन चार वेळा दाबल्याशिवाय उचलला जात नाही. ती म्हणाली, तड्याचा चालेल मला. तिची हौस मोठी नाही, हे एक बरं आहे.

२८ ऑगस्ट, गुरुवार
अभ्यास. या फोनमध्ये एआय आहे. क्रेडिट कार्डवाल्यांचे आणि प्लॉटवाल्यांचे फोन तो तुमच्यापर्यंत येऊच देत नाही. अनोळखी नंबर आला की आतली बाई उचलते, काय काम आहे विचारते, आणि फालतू वाटला तर स्वतःच वाटेला लावते. एक बटण दाबलं की झालं. दाबलं. आज दिवसभर एकही फालतू फोन नाही. असा अधीक्षक आमच्या कॉलेजला मिळाला असता तर.

पण तो मीच आहे.

३० ऑगस्ट, शनिवार
गच्चीवरून किल्ला झूम केला. ठिपके हिमांशूच्या फोनपेक्षा मोठे आले. सांडू अण्णांना दाखवले. ते म्हणाले, सर, फोन वाजतो ना? मग झालं की. म्हणालो, अण्णा, हा वाजतो आणि विचारही करतो.

दमयंतीनं संध्याकाळी तीन वेळा विचारलं, उद्या कडुबाचा फोन येईल ना? मी प्रत्येक वेळी तिला बॅटरी दाखवली. १०० टक्के.

३१ ऑगस्ट, रविवार. गौरी आवाहन
सकाळी ६.०० फोन हातात. पूर्ण आवाज.
७.३० काही नाही.
९.०० दमयंतीनं नवी घागर घासून गेटजवळ ठेवली. सोवळं नेसून तयार. मी खुर्ची टाकून गेटपाशी.
१०.५० भागूबाई विचारून गेल्या, सर, पानी? म्हणालो, फोन वाजला की सांगतो.
११.१० सांडू अण्णा म्हणाले, पलीकडच्या गल्लीत मोटारीचा आवाज येतोय. मी म्हणालो, त्यांचा वॉल्व वेगळा असेल. फोन वाजलेला नाही म्हणजे पाणी आलेलं नाही. हिमांशू मोटारीच्या बटणाजवळ उभा होता. मी त्याला जळलेल्या मोटारीची आठवण करून दिली. त्यानं हात मागे घेतला.
११.३० पलीकडचा आवाज बंद.
१२.३० पलीकडच्या गल्लीतल्या मालनबाई रिकाम्या बादल्या बघून थांबल्या. म्हणाल्या, तुमच्याकडं नाही आलं? पावणेअकरालाच सुटलं की. आमच्या टाक्या सांडल्या.

दुपारी ३.००
फोनमध्ये एक कप्पा आहे, तो मला माहीत नव्हता. 'रोखलेले कॉल'. त्यात चार नोंदी, चारही शेवटच्या त्याच चार आकड्यांच्या. १०.४४ आणि १०.४६ ला दोन रिंग आणि कट. खाली फोनचा शेरा: वारंवार रिंग देऊन कट करणारा अनोळखी क्रमांक, फसवणुकीची शक्यता. १०.५२ ला पुन्हा. १०.५८ ला कडुबानं कट केलाच नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा तो बोलला, आणि आतली बाई बोलली. सगळं लिहून ठेवलंय फोननं. जसंच्या तसं उतरवतो.

हालो. सर. पानी सोडलंय. सर? कोन बाई हाये ही? बाई, विंग्रजी समजत नाय मला. सरायला सांगा पानी आलंय, आज लक्षम्या हायेत, वहिनीला लागतं म्हून चार डाव केला. सांगता ना? बरं. ठिवतो.

त्याखाली फोनचा सारांश: विक्रीसंबंधी कॉल. विषय: पाणी. तुमचा वेळ वाचवला.

दमयंतीला वाचून दाखवलं. ती सोवळं तसंच नेसून ओट्यापाशी बसून राहिली. घागर अजून गेटजवळ होती. मला फार वाईट वाटलं. एवढं वाईट ऑडिटच्या वेळीही वाटलं नव्हतं.

गल्लीत कोणी जाब विचारला नाही. विचारला असता तर उत्तर तयार होतं.

संध्याकाळी ६.००
सांडू अण्णा मोटारसायकलवर दोन कॅन बांधून हर्सूलच्या पुढं मेव्हण्याच्या शेतावर गेले. विहिरीचं पाणी आणलं. दमयंतीला म्हणाले, वहिनी, मी आंघोळ करून शेंदलंय, कोनाला हात लावू दिला नाय, विहिरीचं चालतं का? ती म्हणाली, अण्णा, नळापेक्षा विहिरीचंच खरं. तिचे डोळे भरले होते. बाकीच्या घरांसाठी हिमांशूनं टँकर बोलावला. मी मदत म्हणून टँकरचा फोटो काढला.

१ सप्टेंबर, सोमवार
जेवण पार पडलं. पुरण उत्तम. पंगतीत माझ्याशी सगळे नेहमीपेक्षा आदरानं बोलले. हे चांगलं लक्षण नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार
गौरींना निरोप देऊन दमयंती कुठंतरी गेली, डब्यात पुरणपोळ्या घेऊन. तासाभरानं आली. पाण्याच्या टाकीवर गेली होती, कडुबाकडं. मला सहा वर्षांत त्याचा चेहरा माहीत नाही, ती त्याच्या बायकोचं नावसुद्धा घेऊन आली. पारूबाई.

कडुबाची तक्रार अशी की सरांचा फोन कोणी विंग्रजी बाई उचलती, वहिनी, तुम्ही घरात लक्ष द्या. दमयंतीनं त्याला समजावलं, ती बाई फोनमधली आहे. तो म्हणाला, मंग तर लईच अवघड.

पुढचं तिनं चपला काढता काढता सांगितलं. कडुबाला तिनं स्वतःचा नंबर दिला आहे.

मी सांगितलं की मी ते बटण बंद केलंय, नंबर सेव्ह केलाय, आता चूक शक्य नाही. ती म्हणाली, असू द्या हो, तुमचा वेळ वाचेल.

४ सप्टेंबर, गुरुवार
मृण्मयीचा फोन. सगळं कळलंय तिला. हसली नाही. म्हणाली, बाबा, कॅमेरा तरी छान आहे ना? हो म्हणालो.

प्राचार्यांनी विचारलं, परवाच्या पाण्याला उशिराची सवलत लागेल का? म्हणालो, बघतो. लागणार नाही, हे मला माहीत होतं.

६ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ६.४५
६.१० ला फोन वाजला. दोन रिंग आणि कट. मी उठून बसलो, उशाखालचा फोन काढला. काही नाही. स्वयंपाकघरात जुना वाजला होता. दमयंती गेटबाहेरसुद्धा गेली नाही. ओट्यापाशी उभी राहून ग्रुपवर एक शब्द टाकला, पाणी. मी चप्पल घालेपर्यंत अकराही मोटारी चालू झाल्या होत्या. ग्रुप हिमांशूनं केलाय. मलाही घेतलंय.

रस्त्यात उभा होतो. सांडू अण्णा पाईप ओढत होते. म्हणाले, सर, झोपा की निवांत, आता वहिनी हाये.

दमयंतीनं हाक मारली. वरच्या टाकीत पाणी कुठवर आलंय ते बघायचं होतं, गच्चीवर ढगांमुळं अंधार होता. टाकीचं झाकण मी उचललं आणि फोनचा टॉर्च लावला. स्वच्छ दिसलं. पाऊण टाकी. एकंदरीत विचार करता फ्लॅगशिप घेणं योग्यच होतं, असं मत नोंदवतो.

टॉर्च जुन्याचा जास्त लांब जातो, असं दमयंती म्हणते. मी तपासून बघितलेलं नाही.