मैनाकाकू आणि उणे आठ

लालबर्रा,
ता. ७ जुलै १९६८

ती. दादास,
पुष्पलताचा शि. सा. न. वि. वि. इकडे सर्व खुशाल. धानाची रोवणी लागली आहे, आईसोबत मीही बांधीत, धानाच्या चिखलात, उतरते.

जबलपूरच्या तंत्रशाळेची प्रवेश परीक्षा महिन्यावर आली. बाकी गणित जमतं, पण असमानतेची उदाहरणं माझा जीव खातात. −३क्ष < १२ दिसलं की मी क्ष < −४ लिहिते आणि मास्तर काट मारतात. बाबांचं एकच म्हणणं, एक बार देऊन पाह्य, पास झाली त जा, नाही त घरीच राह्य. दादा, मला जायचंच आहे. नागपूरच्या पोरांना गणित शिकवतोस, मग बहिणीला कधी?
उत्तराची वाट पाहणारी,
पुष्पा

नागपूर,
ता. १५ जुलै १९६८

चि. पुष्पास अनेक आशीर्वाद.
आधी रडणं थांबव. दोन्ही बाजूंना उणे आकड्याने गुणलं किंवा भागलं की चिन्ह फिरतं, म्हणून क्ष > −४. आणि उत्तर आलं की एखादा आकडा घालून पाहत जा. इथे शून्य घाल, ० < १२ हे खरं, म्हणजे उत्तरात शून्य हवंच. तुझ्या उत्तरात ते कुठे आहे? चिन्ह का फिरतं, हे मात्र मला पत्रात समजावता येईना, कागद फाडून थकलो. आईबाबांना नमस्कार.
तुझा,
तेजरामदादा

लालबर्रा,
ता. २ सप्टेंबर १९६८

ती. दादास शि. सा. न. वि. वि.
का फिरतं ते मला बांधीतच कळलं! आपल्या बायका मागे मागे सरकत रोवतात. माझ्या पाच ओळी होईस्तोवर शेजारच्या मैनाकाकूच्या आठ होतात, म्हणून ती सगळ्यांच्या मागे. मागे सरकणं म्हणजे उणे, म्हणून आठ मोठे, पण उणे आठ उणे पाचाच्याही मागे! मी चिखलात एकटीच हसले, तर आई म्हणाली, काहून हासून राह्यली वं?

परीक्षेत तसंच उदाहरण आलं, चिन्ह फिरवलं. पुढच्यात नुसती वजाबाकी होती, घाईत तिथेही फिरवलं. मग तुझं शून्य घालून पाहिलं आणि चूक सापडली.

काल निकाल लागला. मी पास झाले, दादा! बाबा आईला म्हणाले, पुढल्या रोवणीत पुष्पाच्या जागी मी उभा राह्यतो. तेव्हापासून मैनाकाकू त्यांना सारखी विचारते, भाऊजी, तुमाले मागं चालता येते का?
माया अशीच असू दे,
तुझी पुष्पा