दहा पावलांची वाट

३ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. आम्ही दोघी मायलेकी बऱ्या आहोत, म्हणजे जेवतो, झोपतो, वेळेवर घराबाहेर पडतो. मी परत कामावर जायला लागले. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायला डोकं लागत नाही, हात आपोआप चालतात. बाकीच्या बाया माझ्यासमोर हळू बोलतात. कंटाळून काल मीच एक विनोद केला, तर कुणी हसलं नाही. लहानपणी तू मला भोंगा म्हणायचास ना? त्या भोंग्याचा आवाज बसलाय.

एक काम आहे. घरामागचं झाड पार वाळलंय आणि तुझ्या भाचीच्या खोलीकडे कललंय. वारा सुटला की ती अंथरूण उचलून माझ्याकडे येते. हे असते तर एका सकाळीच आटपलं असतं. तू करवत घेऊन ये. परक्या माणसाला मी त्या झाडाला हात लावू देणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

ह्यांना जाऊन चार महिने झाले, तेव्हापासून तू आला नाहीस. रागावले नाही, फक्त मोजले.

आहे तेवढी माया सांभाळून ठेव,
धाकटी

११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. आ. पत्र पोचलं. इकडे सगळं जागच्या जागी. तुझ्या वहिनीची दाढ काढली. दोन दिवस तिला बोलता येत नव्हतं, तर घरात मलाच करमेना.

मी हल्ली झाडं पाडायला जंगलात जात नाही. मुकादमाला कंबर धरल्याचं सांगितलंय. शेडमध्ये बसून करवतींच्या साखळ्यांना धार लावतो. एका दाताला कानस तीन वेळा, मग पुढचा दात. दिवस जातो.

म्हणून तुझ्या झाडाचं मला जमणार नाही. आमच्यातलाच एक शिस्तीचा माणूस पाठवतो. तोवर भाचीला त्या खोलीत झोपवू नकोस. आणि तू स्वतः कुऱ्हाड घेऊन बाहेर पडू नकोस, तुझा नेम नाही.

चुकलंमाकलं पोटात घालत जा,
दादा

२० फेब्रुवारी

ती. दादास,

नमस्कार. तुझा शिस्तीचा माणूस आला होता. चहा देऊन परत पाठवला.

ह्यांच्या अपघाताच्या चौकशीचा कागद आलाय. त्यात लिहिलंय की मयताने माघारीची वाट साफ न करताच झाड कापायला घेतले, सबब अपघात त्याच्याच निष्काळजीपणामुळे घडला. खाली साक्षीदार म्हणून तुझी सही. लेकीने माझ्याआधी वाचलं. बाबा निष्काळजी होते का, असं तिने मला विचारलं.

तुमची टोळी ह्यांना फूटपट्टी म्हणून चिडवायची. का, ते तुला माहीत आहे. घरी जेवायला बसलं तरी ताटाभोवती चमचे मांडून शिकवायचे. पडायच्या बाजूला खाच, मागून काप, मध्ये बिजागरीएवढं लाकूड सोडायचं. आणि झाड हललं की बघत उभं राहायचं नाही, करवत ठेवून तिरकं मागे निघायचं. दहा पावलं, आणि त्या दहा पावलांत एक काटकीसुद्धा नको. ज्याच्या हातात करवत असते त्याला घाई असते, म्हणून वाट दुसऱ्याने करायची. आणि त्या दुसऱ्याने ‘झाली’ म्हटल्याशिवाय यंत्र सुरू करायचं नाही. बारा वर्षं हे ऐकत मी भाकऱ्या वाढल्या.

म्हणजे त्या दिवशी करवत सुरू होण्याआधी कुणीतरी ‘झाली’ म्हणालं. तिथे तुम्ही दोघंच होतात.

मेलेला माणूस उलट बोलत नाही म्हणून सगळं त्याच्या माथी मारायचं, ही सोय मला मान्य नाही. कागदाची असो, नाहीतर माझ्या भावाची असो. मला लांबलचक पत्र नको. तू तो शब्द म्हणालास की नाही, एवढंच कळव.

धाकटी

९ मार्च

चि. धाकटीस,

म्हणालो.

हा एक शब्द लिहायला मला सतरा दिवस लागले. आता बाकीचं लिहितो.

त्या दिवसातलं ते शेवटचं झाड. बारीक होतं. वाट मी करायची होती. चार पावलं साफ केली. पुढे वेलींचं जाळं होतं आणि कोयता शिदोरीच्या पिशवीपाशी राहिला होता. तो आणायला गेलो आणि तिथेच थर्मासमधून चहा ओतत बसलो. एवढ्याशा झाडाला दहा पावलं कशाला, असं वाटलं. त्याने लांबून विचारलं, वाट झाली का. मी पाठमोराच होतो. झाली म्हणालो.

त्याने सगळं बरोबर केलं. खाच बरोबर, काप बरोबर. झाड हललं तसा तो करवत ठेवून तिरका मागे निघाला. पाचव्या पावलाला पाय वेलीत अडकला आणि बुंधा उसळून मागे आला. माझ्या हातातला चहा सांडलासुद्धा नव्हता.

मुकादमाने कागद पुढे केला, मी सही केली. तेव्हापासून आत काही हलत नाही. रडू येत नाही, भूक लागत नाही, कानस तेवढी चालते. माझी कंबर ठणठणीत आहे.

परवा चौकशीच्या कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, प्रकरण मिटलंय, आता कशाला उकरता. मी खिडकीशी उभा राहिलो. तो जेवून आला तरी तिथेच होतो. शेवटी नवा जबाब घेतला. वरच्याच चार ओळी आहेत. नक्कल सोबत आहे. भाचीला दाखव. माझी नोकरी बहुतेक जाईल, आणि जावी.

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही,
दादा

१६ मार्च

ती. दादास,

नमस्कार. मला संताप यायला हवा होता. आज येईल, उद्या येईल, म्हणत आठवडा काढला, आला नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि चादरीसारखी कडेला कड लावून घडी घातली.

नक्कल लेकीला दाखवली. तिने सावकाश वाचली. मग म्हणाली, म्हणजे बाबांनी विचारलं होतं. मी हो म्हटलं. तिने चौकशीच्या कागदावरची ती ओळ पेनाने खोडली, कागद फाटेपर्यंत. मी अडवलं नाही.

माफ केलं असं मी लिहीत नाही. बरं वाटावं म्हणून उगाच एखादा शब्द म्हणून टाकायचा नाही, एवढं आपल्या दोघांनाही आता कळलंय.

झाड अजून उभं आहे. येत्या रविवारी सकाळी करवत घेऊन ये. वाट मी करणार आहे. कोयता आणलाय. दहा पावलं मोजेन, स्वतः चालून बघेन. तू कापायला उभा राहिलास की मला विचार. मी ‘झाली’ म्हणाले की यंत्र सुरू कर. मागे वळून बघायचं नाहीस.

लोभाचं त्यानंतर बघू,
धाकटी