मागे राहिलेल्यांचा ओटा

मी, तुळजाबाई महिपती गराडे, राहणार विश्रांतवाडी, पुणे, वय सत्तरीच्या पुढे (नेमकं सांगणारं आता कोणी उरलेलं नाही), आज हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. सूनबाईला तो पटणार नाही, पण जोडला आहे.

मला लिहिता-वाचता येत नाही. मी सांगते आणि खालच्या मजल्यावरचे श्यामसुंदर लिहून घेतात. त्यांची हयात कचेरीत गेली, त्यामुळे ते माझ्या बोलण्याला कायद्याचा कोट घालतात. बाह्या लांब झाल्या की मी टोकते. परवा माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजी नको, पण माझ्याकडे न बघता म्हणतात.

१. राहता फ्लॅट, चौथा मजला, आधीच मुलगा विश्वजीत याच्या नावावर आहे. जमीन दिली तेव्हा बिल्डरने दिला. जिथे आमची ज्वारी उभी राहायची तिथे आता गाड्या उभ्या राहतात. याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती मृत्युपत्रात बसत नाही.

२. माझ्या सोन्याच्या पाटल्या सूनबाई शेफाली हिला द्याव्यात. तिने त्या मोडून नव्या फॅशनचं काही करावं. विचारत बसू नये, मी नसेन.

३. नातू अभिनव याने मला दिलेला मोबाईल त्याला परत करावा. त्यात एकच नंबर आहे, त्याचा. तो हिंजवडीला कंपनीत असल्यामुळे उचलत नाही.

४. माझा पाटा-वरवंटा जाऊबाई यमुनाबाई यांना दिला असे समजावे. तो त्यांनी आपल्या थोरल्या मुलाच्या लग्नात नेला तो आजतागायत आणला नाही. आता तो रीतसर त्यांचा झाला, म्हणजे माझ्यावर रुसायला त्यांना नवीन कारण शोधावं लागेल.

५. आता मुख्य गोष्ट. इमारतीच्या फाटकालगत, रस्त्याच्या कडेला एक ओटा, त्यावरची पत्र्याची शेड, चूल आणि नळ एवढी जागा माझ्या एकटीच्या नावावर आहे. बाकी सगळं विकताना मालकांनी, म्हणजे विश्वजीतच्या वडिलांनी, ती तेवढी माझ्यासाठी मागे ठेवली. म्हणाले, तुला बसायला लागेल.

समोर सकाळी मजुरांचा अड्डा भरतो. वाशीम, हिंगोली, यवतमाळकडची माणसं थापी, घमेलं घेऊन उभी राहतात. मुकादम येतात, हाताला धरून निवडून नेतात. दहा वाजले की निवड संपते. जे मागे राहतात त्यांना घरी जायचा धीर होत नाही आणि उभं राहायची लाज वाटते. मालक गेले त्या वर्षी मी ओट्यावर नुसती बसून असायची. त्यातल्या एकाला, गेनबाला, पाणी दिलं आणि भाकरी पुढे केली. तो मागे सरकला.

"फुकटचं नको, आजी."

"फुकट कोण देतंय? ही ज्वारी निवडून दे, मला दिसत नाही."

मला त्या वेळी सुईत दोरा ओवता येत होता. त्याने सुपातले खडे वेचले, मग पाय दुमडून बसला आणि पोटभर जेवला. ताट धुऊन पालथं घातलं. त्या दिवशी वर येऊन मी एकटीच हसत होते. मालक गेल्यावर पहिल्यांदा. दुसऱ्या दिवसापासून दहानंतर जो उरेल तो माझा, असं ठरून गेलं.

माणसं रोज, आणि खडे कुठून आणायचे? म्हणून मी संध्याकाळी वेचलेले खडे परत ज्वारीत मिसळायची. दळायची ज्वारी वेगळी, निवडायची वेगळी. आमच्याकडे काम करणारी शकू सोडून हे कोणाला ठाऊक नव्हतं. एकदा गेनबा परत मागे राहिला. निवडता निवडता म्हणाला, "आजी, हा निळा खडा मागच्या वेळी पण होता."

"तुझी ओळख ठेवतोय बिचारा."

त्याने तो खडा बाजूला ठेवला. मान खाली घालून सगळं सूप निवडलं, मग जेवला. विश्वजीत, असं जेवताना मी माणूस बघितलाय. तू बघितलेला नाहीस. तू शाळेला पंखे दिलेस, पात्यावर तुझं नाव. ते वाचता यावं म्हणून मास्तर पंखा बंद ठेवतात, असं ऐकते.

६. दसऱ्यानंतर माझा उजवा हात लुळा पडला. त्याच आठवड्यात विश्वजीतने शेडला कुलूप लावलं. शेजारी नवी इमारत होते आहे, तिच्या बिल्डरला फाटक रुंद करायला हा ओटा हवा आहे. कागद तयार आहेत, माझ्या अंगठ्यासाठी अडले आहेत. शेफाली म्हणते, "आई, आयटीतली माणसं घर बघायला येतात आणि फाटकात हे लोक बसलेले. बरं दिसतं का?"

मी चौथ्या मजल्याच्या खिडकीत असते. दहा वाजले की माणसं अजून येतात. ओट्यावर टेकतात, वर बघतात, मी हात हलवते. त्यांना वाटतं येते आहे. थांबतात. मग जातात. काल एकाने कुलूप ओढून बघितलं. माझ्या पुढ्यात ताट होतं, ते मी बाजूला सारलं. माझ्या गळ्याखाली घास उतरत नाही, याला डॉक्टर भूक मंदावली म्हणतात.

ओटा पुढे चालवाल का, असं मी सगळ्यांना विचारलं. अभिनव म्हणाला, "आजी, तुझ्या नावाने ऑनलाइन डोनेट करतो ना, पावतीपण येते."

"त्यात माणूस कुठाय रे?"

"ते लोक मॅनेज करतात."

शकूला म्हटलं, ओटा तुझ्या नावावर करते. ती रडायलाच लागली. म्हणाली, साहेब मला आठ दिवसात उठवतील, माझी पोरं लहान आहेत. ती खरं बोलली. तिला माझी सगळी भांडी द्यावीत, चुलीवरच्या तव्यासकट.

शेवटी मी विश्वजीतच्या पाया पडले. लिहा श्यामसुंदर, थांबू नका. आईने मुलाच्या पायाला हात लावला. तो मागे झाला आणि म्हणाला, "आई, तमाशा नको." मी त्याला दोष देत नाही. त्याने हे सुख कधी चाखलेलं नाही, त्याला मी काय मागते आहे तेच कळत नाही.

७. श्यामसुंदर म्हणतात नाव कोरं ठेवता येत नाही, कोणाचं तरी घालावं लागतं. माझ्याकडे दुसरं नाव नाही. सबब ओटा, शेड, चूल आणि नळ माझ्या पश्चात मुलगा विश्वजीत याला मिळावा. तो विकायचा त्याला हक्क राहील. अट एकच. सही करण्याआधी एका सकाळी त्याने कुलूप काढावं. भाकरी शकूकडून करून घेतली तरी चालेल, पण वाढावी त्याने. दहानंतर जो मागे राहील त्याला, एकालाच. आधी सूप पुढे करावं. तो जेवेपर्यंत समोर बसावं, ताट पालथं घालेपर्यंत उठू नये. मग बिल्डरकडे जावं.

श्यामसुंदर लेखणी खाली ठेवून सांगतात, आजी, ही अट कुठलंही कोर्ट धरणार नाही. मला ठाऊक आहे. मी कोर्टाला सांगतच नाही आहे. विश्वजीत, बाळा, तुला सांगते आहे.

वरील मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा मीच मागितला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. उजवा हात चालत नसल्याने डाव्या हाताचा अंगठा उमटवते. बिल्डरच्या कागदावर तो उमटलेला नाही.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा : तुळजाबाई महिपती गराडे

साक्षीदार :
१. डॉ. उत्कर्षा देवधर, विश्रांतवाडी (सही)
२. गोपाळकृष्ण पेंडसे, निवृत्त पोस्टमास्तर, विश्रांतवाडी (सही)

लेखक : श्यामसुंदर रानडे (सही)

स्थळ : पुणे
दिनांक : ९ जानेवारी २००६