नवांपैकी आठ वाटे

मी, थॉमसिना कॅपर्स, वय एकाहत्तर, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, राहणार हॅरो बेट, साउथ कॅरोलायना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आणायला दोन जण आले होते. दोघांनाही पायरीवरूनच परत पाठवले.

परवा सोमवारी चार्ल्सटनच्या इस्पितळात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. चौदा तारखेला कोर्टात आमच्या जमिनीची सुनावणी आहे. सोमवारी मी टेबलावरून उठले नाही, तरी चौदा तारखेला जमीन उभी राहावी, एवढ्यासाठी हा कागद आहे.

कलम १. जमीन. खाडीलगतची एकतीस एकर, माझे आजोबा कुजो कॅपर्स यांनी १८८९ साली घेतलेली. आजोबांनी मृत्युपत्र केले नाही. या बेटावर कोणीच करत नसे. कागद घेऊन कोर्टात गेलेला आमचा काळा माणूस कागद आणि जमीन दोन्ही गमावून परत येतो, हे त्यांनी पाहिले होते. तेव्हा कागदच नको, जमीन सगळ्यांची, असे त्यांनी ठरवले. कायद्याने मात्र त्यांच्या नऊ मुलांचे नऊ वाटे झाले. कोणता तुकडा कोणाचा, हे कुठेच लिहिलेले नाही. प्रत्येक ओकच्या झाडात, प्रत्येक थडग्यात सगळ्यांचा वाटा.

एक वाटा वडिलांनी हयातीतच मला लिहून दिला. सात मी तीस वर्षांत काका-आत्यांकडून रीतसर लिहून घेतले. नववा राहिला तो सूला आत्याचा, म्हणजे तिच्यामागे तिचा मुलगा एफ्रेम मॅक याचा. गेल्या वर्षी मार्चमध्ये एफ्रेमने तो खाडीकाठी हॉटेल बांधणाऱ्या एका कंपनीला विकला. तिचे नाव मी या कागदावर येऊ देणार नाही. कंपनीच्या माणसाने त्याला सांगितले, तुझे घर आहे तो कोपरा तेवढा आम्ही घेतो. एफ्रेमला तेच खरे वाटले. त्याने ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि न वाचता सही केली. मग कंपनी कोर्टात गेली. आमचा प्रत्येक वितीत वाटा आहे, जमीन वाटता येण्यासारखी नाही, सबब सगळीचा लिलाव करा, असा तिचा अर्ज आहे.

आठ वाटे एका हाती असतील, तर न्यायाधीश कंपनीला एक कोपरा तोडून देतील आणि बाकी जमीन आमची राहील, अशी आमच्या वकिलाला आशा आहे. मी मृत्युपत्राशिवाय मेले, तर ते आठ वाटे माझ्या दिवंगत भावाच्या अकरा मुलांत फुटतील. त्यांतल्या दहांनी हे बेट कधी पाहिलेले नाही. कंपनीची पत्रे त्यांना न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाला आधीच पोचली आहेत.

म्हणून माझे आठही वाटे मी माझी भाची वर्डेल कॅपर्स हिला, एकटीला, देत आहे. वर्डेल गवताच्या टोपल्या विणते, शुद्धलेखन भयंकर करते आणि कोणाचेही ऐकत नाही. हे शेवटचे मी आजवर तिचा दोष समजत होते.

कलम २. घर आणि भांडीकुंडी वर्डेलला. पियानो चर्चला, मात्र ब्रदर सायमन याला त्यावर हात ठेवू देऊ नये. मोठा शब्दकोश रेव्हरंड गिलयार्ड यांना. उपदेशात शब्द वापरण्यापूर्वी त्यांनी तो उघडावा.

कलम ३. बँकेत जे असेल ते वकिलाच्या कामाला. उरले तर चर्चच्या छपराला.

कलम ४. एफ्रेम मॅक याला काहीही देऊ नये. चमचासुद्धा नाही.

कलम ५. आईची निळी वही वर्डेलला. ती काय आहे ते इथे लिहून ठेवते.

मी नऊ वर्षांची असताना माझ्या मामाला, न चोरलेल्या होडीसाठी, सहा वर्षे बेड्या घालून रस्ता खोदायला पाठवले. आई तिन्ही दिवस कोर्टाच्या वरच्या सज्जात, आमच्या लोकांसाठी ठेवलेल्या बाकांवर बसली. निकाल झाल्यावर ती रडली नाही. जिन्यात मला म्हणाली, "हा न्यायाधीश उठला. वरचा अजून बसायचाय. त्याच्यापुढे आपला कागद कोरा जाता कामा नये." घरी येऊन तिने कोण काय खोटे बोलले ते सगळे मला सांगितले आणि माझ्याकडून वहीत लिहून घेतले. मामा चौथ्या वर्षी तिकडेच गेला. आई त्यानंतर चाळीस वर्षे दर रविवारी पहिल्या बाकावर बसून टाळ्या देत गायली. तिला ते बळ कुठून येते, हे मला कॉलेजात कोणी शिकवले नाही.

मला तेवढे साधले नाही. गेले दीड वर्ष मी रोज प्रार्थना करते की कंपनीच्या वकिलाची जीभ झडावी. रेव्हरंड एकदा म्हणाले, "मिस कॅपर्स, तुम्ही देवाला गृहपाठ देताय." मी म्हटले, दिल्याशिवाय करतो कोण?

आज कलम ४ लिहून झाल्यावर मी ती वही काढली. वहीत माझेही एक पान असायला हवे होते, ते नाही. म्हणून ते इथे लिहिते. फेब्रुवारी १९७४ मध्ये सूला आत्या याच स्वयंपाकघरात आली होती. तिला कागद करून हवा होता. जमीन सगळ्यांची राहू दे, एफ्रेमला राहायला घर असू दे, एवढेच तिचे म्हणणे. माझ्यापुढे परीक्षेचे पेपर होते. मी म्हटले, "ईस्टरनंतर ये." ईस्टरच्या आधीच ती गेली. सगळ्या बेटाला लिहायला शिकवले आणि ती एक ओळ मी लिहिली नाही. वरच्या कोर्टात न्याय मागायला उभी राहीन, तेव्हा आधी हेच पान वाचले जाईल. वाचले जावे.

कलम ६. मला खाडीजवळ, आईशेजारी, पूर्वेकडे तोंड करून पुरावे. आमच्या रीतीप्रमाणे मी शेवटच्या वापरलेल्या वस्तू, म्हणजे चष्मा, कप आणि हे पेन, थडग्यावर ठेवाव्या. कप फोडून ठेवावा. जमीन कोणाच्याही हाती गेली तरी मला तिथून हलवू नये. मी साक्षीदार आहे.

कलम ७. हे दुपारी जोडत आहे. एक वाजता एफ्रेम मागच्या दाराशी आला, हातात टोपी घेऊन. दीड वर्षात तो या पायरीवर चढला नव्हता. सहावीत माझ्यापुढे बसायचा, तसाच उभा राहिला.

"बाई, पोस्टातल्या मिस अल्थिया म्हणाल्या, तुम्ही कागद लिहिताय."

"तुझं नाव आहे त्यात. एका ओळीत."

"माझ्यासाठी काही ठेवू नका. ठेवलंत तर मला साक्षीदार होता येणार नाही."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"आपल्या वकिलानं. या खेपेला आधी विचारून आलो." मग म्हणाला, "त्या सहीनं गेलं ते गेलं. एक सही राखायला करू द्या."

मी त्याला आत घेतले, लाल भात वाढला आणि जेवण झाल्यावर हा कागद पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचायला लावला. कलम ४ त्याने न अडखळता वाचले. कलम ५ मध्ये त्याच्या आईचे नाव आले तिथे थांबला. मी थांबू दिले. मग म्हणाला, "ती तुमच्यावर रागावली नव्हती, बाई. म्हणायची, टॉमीला पेपर तपासायचेत."

कलम ४ मी खोडत नाही. खोडून त्याला काही दिले, तर त्याची सही चालणार नाही. त्याचे कारण मात्र आता वेगळे आहे, हे न्यायाधीशांनी, खालच्या आणि वरच्याही, ध्यानात घ्यावे.

हे मृत्युपत्र मी आज हॅरो बेटावर, माझ्या स्वयंपाकघरात, खालील दोघांच्या समोर सही करून पुरे करत आहे. उरलेले देवाच्या हाती. माझ्याकडून कागद कोरा नाही.

(सही) थॉमसिना कॅपर्स
शनिवार, ३ ऑक्टोबर १९९८

साक्षीदार:

१. (सही) अल्थिया फ्रिप, निवृत्त पोस्टमास्तर, हॅरो बेट

२. (सही) एफ्रेम मॅक, हॅरो बेट. पूर्ण वाचून सही केली.